तेवीस खुर्च्या

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत चूक माझी आहे. मागाहून कुणी म्हणायला नको की विभाने नीलकंठकाकांबद्दल लिहिलं आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं. मला झाकाझाकी आवडत नाही असं मी चारचौघांत सांगत असते. आवडते की! गेल्या नोव्हेंबरपर्यंत ती माझी मोठी कला होती.

आम्ही इथे जपानमध्ये, ओजिमाला राहतो, त्या सरकारी उंच इमारतींमध्ये, जिथे संध्याकाळी लिफ्टमध्ये फोडणीचा वास येतो. नवरा प्रसन्न, तोयोसुला आयटीत. मी त्याच बाजूला एका ऑफिसात ॲडमिन. मुलगी नुपूर, वय चौदा. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. दोन वर्षांचं पोस्टिंग म्हणून आलो होतो, कुकरसुद्धा छोटाच आणला होता. त्याला आता पंधरा वर्षं होतील. इथल्या मराठी मंडळाची सांस्कृतिक समिती म्हणजे मी. समितीत आणखी तीन नावं आहेत, पण ती नावंच आहेत.

नीलकंठकाका आमच्या डोक्यावर राहतात, दहाव्या मजल्यावर. ते मराठी आहेत हे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं. रविवारी सकाळी वरून गिटार ऐकू यायची आणि एक जुना, खरखरीत आवाज इंग्रजी गाणं म्हणायचा. दोन ओळी म्हणायचा आणि गप्प. गिटार चालूच, आवाज नाही. मग पुन्हा दोन ओळी, पुन्हा गप्प. मी प्रसन्नला म्हणायचे, कुणीतरी म्हातारा जपानी आहे रे, शब्द विसरतो बिचारा. प्रसन्न म्हणायचा, तू पोह्यांकडे बघ.

मग एका सकाळी मी कचऱ्याच्या जागेवर काचेची बरणी ठेवत होते. मागून कुणीतरी स्वच्छ गिरगावी मराठीत म्हणालं, "झाकण वेगळं काढा हो. नाहीतर चिठ्ठी लावून तिथेच ठेवून जातील." मी दचकलेच. मागे सत्तरी ओलांडलेला एक काटकुळा माणूस, कॉर्डरॉयचा विटका कोट, पांढरे केस मागे रबराने बांधलेले. हातात धुऊन चपटे केलेले दुधाचे खोके, तेसुद्धा दोऱ्याने बांधलेले.

"अगबाई, तुम्ही मराठी?"

"होतो," ते म्हणाले. "आहे म्हणा. बोलायला कुणी नसतं म्हणून तसं वाटतं."

नाव विचारलं तर नीलकंठ म्हणाले. आडनाव विचारलं तर म्हणाले, इतक्या वर्षांत इथे कुणाला लागलं नाही, तुम्हाला कशाला? मला जरा रागच आला. पण दुसऱ्या दिवशी मी थालीपीठ घेऊन वर गेले. आपला स्वभावच तो, कुणी एकटं दिसलं की डबा भरायचा.

एका खोलीचं घर. एक गिटार, एक टेबल, टीव्ही नाही. भिंतीला टेकून पिवळ्या कागदांचे गठ्ठे, जुन्या चक्रमुद्रणावर छापलेले गाण्यांचे शब्द. वर इंग्रजी, खाली जपानी. मी चहा पिता पिता विचारून टाकलं, "काका, मधेच शब्द विसरता का हो?"

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "विसरत नाही ग. ती जागा लोकांची असते."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ही गाणी म्हणे कुणा एकाची नाहीतच. कोळशाच्या खाणीतले, कापूस वेचणारे, रेल्वेचे रूळ टाकणारे, बोटीवरचे खलाशी, अशा माणसांनी काम करता करता जुळवलेली. एकाने दोन ओळी म्हणायच्या, बाकीच्यांनी पुढच्या दोन. पन्नास-साठच्या सुमाराला अमेरिकेतल्या शहरी पोरांनी ती खेड्यापाड्यांतून गोळा केली आणि कॉफीच्या तळघरांत बसून म्हणायला लागली. दाढ्या वाढवलेल्या, नोकऱ्या सोडलेल्या, घरच्यांशी भांडण, युद्धाला नकार. एका कोपऱ्यात कुणी कविता वाचतोय, दुसऱ्यात कुणी चित्र काढतोय, आणि संध्याकाळच्या जेवणाचा कुणालाच पत्ता नाही.

"ऐकायची गाणी नव्हेत ती. म्हणायची," काका म्हणाले. "घरी सराव करताना लोकांची जागा मोकळी सोडायची सवय ठेवावी लागते. नाहीतर माणसं समोर आली की आपण त्यांच्या अंगावरून गात सुटतो."

"आणि माणसं कधी येतात?"

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी. योकोहामाला." मग कपाकडे बघत म्हणाले, "म्हणजे यायची."

खरं सांगते, मला तेव्हा वाटलं, काय हे वेड! आमच्या सासूबाई असत्या तर सरळ म्हणाल्या असत्या, वाया गेलेलं दिसतंय प्रकरण. पण हळूहळू त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. कधी थालीपिठावर, कधी लिफ्टमध्ये.

सत्तर साली ते वीस वर्षांचे होते. वडील पोस्टात, भाऊ बँकेत, यांचं कॉमर्स चालू. कुलाब्याच्या समुद्राच्या कठड्यावर तेव्हा अनवाणी गोरी पोरं बसलेली असत. त्यांतला एक अमेरिकन सैन्यात जायचं टाळून पळून आलेला. त्याने काकांना चार सूर शिकवले आणि नेपाळकडे जाताना गिटार यांच्या हातात दिली. घरी वडिलांनी गिटार बघितली आणि महिनाभर मुलाचे डोळे लाल आहेत का ते तपासलं! पुढे त्र्याहत्तरला एका सिंधी व्यापाऱ्याच्या कापडाच्या कंपनीने त्यांना योकोहामाला धाडलं, कारकून म्हणून. आईने सामानात मेतकूट दिलं आणि यांनी मेतकुटाच्या डब्याशेजारी ती गिटार घातली.

योकोहामात साकुरागिचो स्टेशनमागच्या एका गल्लीत, तळघरात, 'मुगिवारा' नावाचं कॉफीचं दुकान होतं. मुगिवारा म्हणजे गव्हाचं काड. तिथे विद्यापीठ सोडलेली पोरं, घर सोडलेल्या मुली, रंग लागलेल्या कपड्यांतले चित्रकार. आणि शनिवारी जवळच्या तळावरचे अमेरिकन सैनिक. हे सैनिक ज्या युद्धासाठी आले होते त्याच युद्धाविरुद्ध गळा काढून गात, आणि जपानी पोरं त्यांना साथ देत. त्यांत एक आपला टाय बांधलेला कारकून. तिसऱ्या शनिवारी टाय सुटला, सहा महिन्यांनी केस खांद्यापर्यंत आले. शेठने बोलावून दम भरला. काकांनी केस बांधले, पण कापले नाहीत.

दुकानाच्या मालकाची मुलगी फुमिए कॉफी करायची. कापडाच्या पिशवीतून गाळून, एकेक कप. त्या दुकानाची एक रीत होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी जमून गायचं आणि निघताना वहीत नाव लिहायचं, पुढच्या महिन्यात येणार असलात तर. जितकी नावं, तितके कप फुमिए-सान, म्हणजे आपल्या भाषेत फुमिएताई, मांडून ठेवायची, एक कमी नाही, एक जास्त नाही. नाव लिहिलं म्हणजे माणूस येणार. आजारी पडला तर पोस्टकार्ड यायचं. एकदा म्हणे एका सैनिकाने आपली बदली झाली म्हणून विमानतळावरून फोन केला होता, माझा कप मांडू नका म्हणून.

अठ्ठ्याहत्तरला कंपनीने काकांना परत बोलावलं. आईने मुलगी बघून ठेवली होती. यांनी 'येत नाही' एवढंच पत्र लिहिलं आणि बंदरावर गोदामात माल तपासायची नोकरी धरली. चाळीस वर्षं तीच. आई गेली तेव्हा पोचता आलं नाही. लग्न केलं नाही.

"पण का राहिलात हो?" मी एकदा विचारलं.

"गाण्यासाठी," ते म्हणाले, आणि लिफ्टचं बटण दाबलं.

वहीतली नावं मग कमी होत गेली. पोरं नोकरीला लागली, केस कापले, पुढे रिटायर होऊन काही परत आली, आणि मग एकेक करून गेली. इवासे-सान नावाचा एक बँजो वाजवणारा होता, त्याच्याशी फुमिएचं ऐंशी साली लग्न झालं होतं. तो अकरा वर्षांपूर्वी गेला. गेल्या दोन वर्षांत वहीत दर महिन्याला एकच नाव असायचं. काका स्वतःच्या हाताने लिहायचे, आणि पुढच्या महिन्यात जाऊन बसायचे. आणखी कुणी चुकून जिना उतरून आलं तर आलं.

गेल्या सप्टेंबरात काका आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत या म्हटलं तर येईनात. दारातच बूट न काढता उभे, हातात मोडीत निघालेली छत्री.

"विभा, मुगिवारा बंद होतंय. इमारत पाडणार आहेत. फुमिए-सान सेंदाईला चालली, मुलाकडे. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार शेवटचा."

"अरेरे."

"तुमच्या मंडळात... गाण्याची आवड असलेली कुणी असतील तर. चार माणसं आली तरी खूप. शेवटच्या वेळी एकदा नीट गायचंय तिथे. बस्स, आणखी काही नाही."

माणूस आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागतोय, आणि मी काय म्हणावं? "चार? अहो काका, चार काय घेऊन बसलात! दुकान भरून दाखवते, बघाच तुम्ही."

हे असं आहे माझं तोंड.

ग्रुपवर मेसेज टाकला. छान फोटो लावला, 'अमेरिकन लोकगीतांची दुपार, आपल्याच नीलकंठकाकांबरोबर' असं लिहिलं. धडाधड अंगठे आले. 'वा वा!' 'नक्की!' 'आम्ही दोघं पक्के.' 'कॅलेंडर ब्लॉक केलंय ताई.' ऋषी, अक्षया, पुष्कर आणि त्याची बायको, पद्मिनी, नंदकिशोर... मला धरून तेवीस. मी यादी करून काकांना नेऊन दिली.

त्यांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. "हे सगळे येणार?"

"नक्की!"

"नक्की म्हणजे, वहीत लिहून देऊ?"

"बिनधास्त द्या."

आता तुम्ही मराठी आहात, मी मराठी आहे. आपलं 'नक्की' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो आपण ते. त्यात खोटं बोलायचा हेतू नसतो, पण यायचाही फारसा नसतो. म्हणून तर आपण शंभर जणांनी होकार दिला की साठांचा स्वयंपाक करतो. काकांनाही हे माहीत असणार, पण त्र्याहत्तर सालापर्यंत. नंतर ते विसरले. आणि मला माहीत असून मी म्हटलं, बिनधास्त द्या.

तो रविवार उजाडला. बारीक, गार पाऊस. काका सकाळीच गेले होते. कार्यक्रम अडीचला. अकरा वाजल्यापासून माझा फोन वाजायला लागला. 'ताई सॉरी, मुलाचं पियानो रिसायटल विसरलेच.' 'अग पावसात बाळाला घेऊन नको वाटतं.' 'बघतो, लेट झालो तर थेट तिकडेच येतो.' पुष्करकडे पाहुणे. नंदकिशोरच्या ऑफिसचा सर्व्हर पडलेला, रविवारी! आणि कळस म्हणजे माझा स्वतःचा नवरा. नुपूरच्या बास्केटबॉलच्या मॅचची वेळ बदलली म्हणून तो तिला घेऊन निघाला. मी आदळआपट केली, तर म्हणाला, "अग, बावीस जण आहेत ना, एकाने काय होतंय!"

साकुरागिचोला उतरले तेव्हा बावीसच्या बावीस गळाले होते.

तो जिना मी कधी विसरणार नाही. खाली काचेचा दरवाजा, आत पिवळा उजेड. दरवाजा ढकलला आणि मी उंबऱ्यातच थांबले. एरवी तिथे आठ खुर्च्या असतात असं काकांनी सांगितलं होतं. आज टेबलं भिंतीला लावलेली आणि खोलीभर घडीच्या खुर्च्या, अर्धवर्तुळात तीन रांगा. फुमिए-सानने वर चढावरच्या गल्लीच्या सभागृहातून मागून आणलेल्या. काउंटरवर तेवीस कप. आणि प्रत्येक खुर्चीवर एक कागदाची पट्टी, तिच्यावर जपानी अक्षरांत एकेकाचं नाव, ब्रशने लिहिलेलं. रि-शी. आ-कु-शा-या. पा-दो-मि-नी. शेजारी त्या पिवळ्या कागदांपैकी एकेक, गाण्याचे शब्द असलेला, म्हणजे माणसांना त्यांची जागा सापडावी.

फुमिए-सान ठेंगणी, एप्रन घातलेली, चौऱ्याहत्तरची बाई. तिने कमरेत वाकून माझं स्वागत केलं. काकांनी तोच कोट इस्त्री करून घातला होता. माझ्या मागे दरवाजाकडे बघत म्हणाले, "बाकीचे?"

आणि मी खोटं बोलले. ठरवून नाही, तोंडातून निघालंच. "गाडी अडकलीय काका. रुळावर माणूस गेला म्हणे. सगळे एकाच गाडीत आहेत, मी तेवढी आधीच्या गाडीने आले."

इथे हे नेहमीचंच असतं, आठवड्यातून एकदा तरी स्टेशनवर तशी घोषणा ऐकू येते. फुमिए-सानला मी तेच जपानीत सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"मग थांबू या," काका म्हणाले. "त्यांना टाकून कसं सुरू करणार?"

मी म्हणू शकले असते, नाही, तुम्ही गा, ते येतील तेव्हा येतील. पण मला वाटलं, थोडा वेळ मिळाला तर मी अजूनही कुणालातरी ओढून आणीन. इथे फोनवर आवाज नीट येत नाही असं सांगून मी जिना चढून वर गेले. पावसात उभी राहून बावीस जणांना फोन लावले. अक्षरशः भीक मागितली. "अरे, निदान दोघं या रे! निदान एक!" पद्मिनी म्हणाली, "अय्या, खरंच एवढं सीरियस होतं का?" ऋषीने फोनच उचलला नाही.

मी खाली आले तेव्हा फुमिए-सान काउंटरमागे उभी होती. काका तिच्याजवळ उभे होते. दोघं बोलायचे थांबले. तिने तिचा मोबाइल उलटा करून फडक्याखाली सरकवला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

"बस विभा," काका म्हणाले. "भिजलीस. कॉफी घे."

तीन कॉफ्या झाल्या. काका माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसले, मांडीवर नंदकिशोरची पट्टी, आणि गोष्टी सांगायला लागले. दुपारभर सांगत राहिले. एका सैनिकाने जाताना आपले बूट इथेच सोडले ते. एका मुलीचे वडील तिला न्यायला आले आणि स्वतःच तीन गाणी म्हणून गेले ते. इवासे-सानच्या बँजोचं चामडं थंडीत ताठ व्हायचं म्हणून तो बँजो बायकोच्या शालीत गुंडाळून ठेवायचा ते. फुमिए-सान मधेच हसायची, मधेच तारखेची चूक दुरुस्त करायची. किती छान दुपार होती, आणि मी सुयांवर बसले होते. दर दहा मिनिटांनी मी फोन बघायचे आणि म्हणायचे, "हलली वाटतं गाडी." ते म्हणायचे, "हं." एकदाही त्यांनी विचारलं नाही की माणसं कुठवर आली.

गिटार पेटीत होती. पेटी त्यांच्या पायाशी होती.

चार वाजले. साडेचार वाजले. तळघराला खिडकी नसते, त्यामुळे बाहेर अंधारलेलं कळतही नाही. सहा वाजता इमारतीच्या मालकाचा माणूस किल्ली घ्यायला येणार होता. साडेपाचला सभागृह बंद होणार होतं, म्हणजे त्याआधी खुर्च्या परत पोचायला हव्यात. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं.

पाच वाजता मी फुटले. रडायलाच आलं. "काका, कुणी येत नाहीये. गाडीबिडी काही बंद नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी. कुणीच निघालेलं नाहीये घरातून."

मला वाटलं, चिडतील. मला वाटलं, उठून जातील. ते हळूच म्हणाले, "माहीत आहे ग."

"माहीत आहे?"

"तू वर फोन करायला गेलीस ना, तेव्हाच. फुमिए-सानने फोनवर बघितलं. गाड्या सगळ्या सुरळीत होत्या."

"अहो, मग बोलला का नाहीत? मग गायला का नाही सुरुवात केलीत?"

काका म्हणाले, "मी गायला बसलो असतो म्हणजे, मला तुझं खोटं कळलंय असं झालं असतं. तुला तोंड लपवायला जागा राहिली नसती. इतकी भिजून आलीस तू. फुमिए-सान म्हणाली, थांबू या, ती स्वतः सांगेल."

कपाळ माझं! त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी त्यांना थांबवलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ते थांबले. तिघं जण एकमेकांची मनं सांभाळत अडीच तास बसून राहिलो. एखादा दादरचा म्हातारा असता तर पहिल्याच मिनिटाला म्हणाला असता, थापा मारू नकोस विभा, आणि गिटार काढली असती. काका बावन्न वर्षं इथे राहिले आहेत. ते इथलेच झालेत, हे मला त्या दिवशी कळलं.

"आता गा," मी म्हणाले. "अजून तास आहे."

फुमिए-सानने घड्याळाकडे बघितलं. मग अगदी कमरेत वाकली, माझ्यासमोर, आणि जपानीत म्हणाली, "मी फार खुर्च्या मांडल्या. माफ करा."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

खुर्च्या परत न्यायच्या होत्या. साडेपाचची वेळ दिलेली, आणि या गल्लीत फुमिए-सानचं घराणं साठ वर्षं राहिलेलं. जाता जाता शब्द मोडणं तिच्याने झालं नसतं. मी म्हटलं, मी एकटी नेते, तुम्ही गा. पण पंधरा खुर्च्या, चढाची गल्ली, पाऊस. दोन दोन करून मला एकटीला आठ खेपा. काका कधीच उठले होते. त्यांनी दोन खुर्च्या काखेत मारल्यासुद्धा. फुमिए-सानने एकेक पट्टी गोळा केली, कोपरे जुळवून एप्रनच्या खिशात ठेवली, आणि मग तिनेही एक खुर्ची उचलली.

तीन खेपा झाल्या. काका दर वळणावर थांबत होते, छातीला हात लावून. मी म्हणायचे, ठेवा, मी नेते. ते म्हणायचे, चल. सभागृहातल्या माणसाने खुर्च्या मोजून घेतल्या आणि विचारलं, कार्यक्रम चांगला झाला का? फुमिए-सान म्हणाली, "हो. तुमच्यामुळे."

परत आलो तर मालकाचा माणूस दरवाजात उभा. पंधरा मिनिटं आधीच आला होता. पंधरा मिनिटं आधी येणं म्हणजे इथे वेळेवर येणं. तो बिचारा म्हणाला, सावकाश आवरा. पण तो ओल्या छत्रीसकट उभा असताना कोण गाणार? फुमिए-सानने कप धुतले, वापरले नव्हते ते वीससुद्धा. काकांनी ते पुसले. ती एक द्यायची, ते एक पुसायचे. मग तिने दिवा बंद केला, किल्ली दिली, आम्हाला वाकून नमस्कार केला. काकांनीही केला. पन्नास वर्षांची ओळख, आणि हातात हातसुद्धा नाही. ती चढाच्या बाजूला वळली, आम्ही स्टेशनकडे.

प्लॅटफॉर्मवर गर्दी नव्हती. काकांनी गिटारची पेटी दोन पायांमध्ये धरली होती. माझं रडणं थांबत नव्हतं. "काका, मला क्षमा करा. मी तेवीस म्हणाले आणि तुमचं दुकान रिकामं ठेवलं. मी कशाला मोठेपणा केला? एक तरी माणूस आणायला हवा होता मी."

त्यांनी पेटी जरा जवळ ओढली.

"अग, माणसांचं काय," ते म्हणाले. "सत्त्याहत्तर साली मोठं तुफान आलं होतं. वहीत एकोणीस नावं होती आणि गाड्या खरोखरच बंद. मी बंदरातून चालत आलो होतो. खाली एकटी फुमिए. कप मांडून बसलेली. मी म्हटलं, परत जाऊ का? ती म्हणाली, आलाच आहेस तर म्हण. दुपारी एकपासून तुफान थांबेपर्यंत, येत होती तेवढी सगळी गाणी म्हटली मी. लोकांच्या सगळ्या जागा ती एकटी म्हणत होती, काउंटरमागे उभी राहून." त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. "तेव्हा काही बोललो नाही. नंतर इवासे बोलला."

माझं रडणं थांबलं.

"चार माणसं आण म्हटलं तुला, ते एवढ्यासाठीच," ते म्हणाले. "तिच्या एकटीसमोर गायला बसलो असतो तर तिला अवघड झालं असतं. कुणीतरी बसलेलं असलं की बरं असतं. तू होतीस की. एक माणूस पुष्कळ होतं, विभा."

मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

फुमिए-सान मंगळवारी सकाळच्या गाडीने सेंदाईला गेली.